कॅनव्हास राहू द्या, कॅलेंडरची जुनी पानं काढा

प्रश्न (थोडक्यात) : माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. हिंजवडीतली नोकरी दोन वर्षांपूर्वी सुटली. आता दुसरी आहे, पण 'मला काही येत नाही, लोक सांभाळून घेतात म्हणून चाललंय' हे पालुपद सुरू असतं. लग्नकार्याला येत नाही, फोटोत उभा राहत नाही. समुपदेशकांनी आत्मसन्मान फार कमी असल्याचं सांगितलं. कुणीतरी आर्ट थेरपी सुचवली म्हणून मी मोठा कॅनव्हास आणि अॅक्रिलिक रंग आणून दिले, चित्रकलेच्या क्लासलाही घातलं. दोन रविवार गेला, मग बंद. कॅनव्हास अजून कोराच आहे. या कलांनी खरंच काही होतं की नुसता विरंगुळा? आणि होत असेल तर त्याला नेमकं काय द्यावं?

उत्तर :

ताई, कॅनव्हास कोरा राहिला याचं खापर भावाच्या आळसावर फोडू नका. ज्याला मनातून वाटतं की आपण हात लावू ते बिघडणार, त्याच्यापुढे तुम्ही एक महागडी, पांढरीशुभ्र आणि घरातल्या सगळ्यांना येता-जाता दिसणारी गोष्ट ठेवलीत. तुमचा हेतू चांगलाच होता. त्याला मात्र ती उत्तरपत्रिका दिसली असणार.

यात थोडा दोष आपल्या गावाचाही आहे. पुण्यात कलेची ओळखच मुळात परीक्षेतून होते. शाळेत एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट, का तर दहावीला वाढीव गुण मिळतात. गाणं शिकायचं तर गांधर्वची प्रारंभिक, प्रवेशिका. नाटक म्हटलं की पुरुषोत्तम करंडक. सोसायटीतल्या रांगोळीलासुद्धा परीक्षक असतात, आणि ज्यांना परीक्षक नेमलेलं नसतं तेही मनातल्या मनात गुण देतच असतात. मला या परंपरेचा अभिमान आहे, मीही तिच्यातच वाढले. पण ज्याचा स्वतःविषयीचा भाव आधीच घसरलेला आहे, त्याच्यासाठी हे वातावरण म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला पर्वती चढायला लावणं.

आता तुमचा पहिला प्रश्न, उपचार की विरंगुळा. 'आर्ट थेरपी' हा शब्द रुजवला एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने, १९४२ साली. तो क्षयरोगाने सॅनटोरियममध्ये पडून होता आणि अंथरुणावर चित्रं काढता काढता त्याला जाणवलं की आपल्याला यातून उभारी मिळते आहे. मग त्याने शेजारच्या रुग्णांनाही कामाला लावलं. पुढे मार्गारेट नाउमबर्ग वगैरे मंडळींनी अमेरिकेत त्याला मानसोपचाराची शिस्त दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, म्हणजे हे आता कुणाच्या हौशी डोक्यातलं खूळ राहिलेलं नाही. तरीही कला-उपचारातल्या गेल्या बावीस वर्षांच्या कामानंतर माझं मत असं आहे की कला माणसाचा आत्मसन्मान 'वाढवते' हे वाक्य जरा घाईचं आहे. ती काय करते, ते मी एका पणतीवरून सांगते. तपशील बदललेले आहेत.

पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, हिशेबाचं काम करणारे. आमच्या कला-उपचाराच्या गटात तिसऱ्यांदा आले होते. मी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून माती आणते, ती मळून प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा देते. त्या दिवशी पणती करायची होती. यांनी अंगठा दाबून खळगा केला, एक बाजू पातळ झाली, आणि कुणी बघायच्या आत सगळं मुठीत चिरडून पुन्हा गोळा केला. असं पाच वेळा. मी समोर बसून माझी पणती करत होते, बोलले नाही. सहाव्या वेळी काठाला चीर गेली. त्यांनी मूठ आवळायला घेतली, मग बोट पाण्यात बुडवलं आणि चीर लिंपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे असं चालेल का?"

इथे माझ्या तोंडावर 'अहो, छान झालीय की!' आलं होतं. ते मी गिळलं. विचारलं, "वात कुठे ठेवणार?"

ते थांबले. पणती फिरवून पाहिली. मग काठाला एका जागी चिमटीने दाबून चोच काढली. ती जरा रुंद झाली, म्हणून पुन्हा आवळली. त्या पाच-सात मिनिटांत त्यांच्या डोक्यात 'मी कसा आहे' हा प्रश्न नव्हता, 'वात कशी राहील' हा होता. माझ्या लेखी औषध म्हणतात ते एवढंच. ज्याचा आत्मसन्मान खचलेला असतो तो दिवसभर स्वतःवरच खटला चालवत असतो: आरोपी तोच, वकील तोच, न्यायाधीशही तोच. हातात वस्तू आली, आणि तिच्या स्वतःच्या काही गरजा असल्या, की खटल्याची तारीख थोडी पुढे पडते. असं पुष्कळदा घडलं की माणसाला सवय होते, की काम चुकलं तर काम दुरुस्त करायचं असतं, माणूस रद्द करायचा नसतो. अल्बर्ट एलिस हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्यासाठी आयुष्यभर भांडला (कृतीला गुण द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका), ते बोलून पटवायला मला सहा-सात बैठका लागतात. मातीला एक पुरते असं म्हणणार नाही, पण तिचं म्हणणं लोक कमी वाद घालत ऐकतात.

म्हणूनच पहिल्या महिन्यात रंग नको. रंग सुकला की चूक पक्की होते. दुरुस्त करता येईल, मोडून पुन्हा करता येईल असंच साहित्य हवं. बिघडलं तरी पैसे वाया गेले असं वाटायला नको. एका बैठकीत पुरं व्हायला हवं. आणि बरं झालं की वाईट, हे ती वस्तूच सांगेल असं असावं, त्यासाठी परीक्षक लागू नये.

तुमच्या घरातून सुरुवात करायची तर 'कालनिर्णय'ची सरलेल्या महिन्यांची पानं काढा. कागद जरा जाड असतो, घडी छान बसते, आणि फाटलं तर कुणाच्या जिवाला लागत नाही. चौकोन कापून त्याची डबी करायची, तीच आपली भाजीची देठं नाहीतर शेंगांची टरफलं टाकायला टेबलावर ठेवतो ती. डबी ताठ उभी राहते की कलंडते, ते टेबलच सांगतं. कलंडली तर घडी उलगडून पाहायची. कागदावर आधीच्या घडीची रेघ राहते, ती कुठे तिरकी गेली ते दिसतं, तिथून पुन्हा. चूक शोधता येते आणि तिचा माणसाच्या लायकीशी संबंध नसतो, हे कागद जितक्या शांतपणे दाखवतो तितकं मला अजून जमत नाही. डबी हातात बसली की मग पंख हलवणारा पक्षी, क्रौंच वगैरे. डॉ. अनिल अवचट पुणेकरांना लेखक आणि 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्राचे म्हणून माहीत आहेत, पण जाईल तिथे कागद काढून घड्या घालणारे, लाकूड कोरणारे, बासरी वाजवणारे म्हणूनही. यातला एकही त्यांचा व्यवसाय नव्हता. तुमच्या भावाला हे एक उदाहरण जरूर सांगा, उपदेश न करता.

कोऱ्या कागदाबद्दल अजून एक. २००५ मध्ये करी आणि कॅसर या दोघांनी महाविद्यालयीन मुलांवर एक छोटा प्रयोग केला होता. आधी सगळ्यांना थोडं अस्वस्थ केलं, मग काहींना मंडलाची, म्हणजे वर्तुळातल्या नक्षीची, आकृती रंगवायला दिली, काहींना चौकडीची नक्षी आणि काहींना कोरा कागद. आकृती आणि चौकडी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता उतरली, कोऱ्या कागदवाल्यांना तसा फायदा झाला नाही. 'मनाला येईल ते काढ' ही मोकळीक आपल्याला मोठी वाटते, पण घाबरलेल्या माणसाला ती उघड्या माळावर सोडल्यासारखी वाटते. आधी चौकट द्या. ठिपक्यांची रांगोळी हे आपलं जुनं शहाणपणच आहे, रेघ कुठून कुठे न्यायची ते ठिपके सांगतात. संस्कार भारतीची मोठी रांगोळी मात्र सुरुवातीला नको, ती लोक थांबून बघतात.

आणि हातात कौशल्य असावं लागतं का? गिरिजा कैमल यांनी अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, कागद, रंगीत पेनं देऊन बसवलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांत ते कमी झालं. चित्रकलेचा अनुभव असलेले आणि नसलेले यांच्यात फरक दिसला नाही. मात्र उरलेल्या पाव लोकांत ते कमी झालं नाही, हेही लक्षात ठेवा. तुमचा भाऊ त्या पाव हिश्श्यातला निघाला तर त्याच्यात काही खोट आहे असं नाही.

आता जरा अवघड भागाकडे येते. तो आहे तुमच्याबद्दल.

त्याने पहिली डबी केली की तुम्ही म्हणाल, "अरे वा, किती सुंदर! तू तर कलाकारच आहेस." कृपा करून म्हणू नका. नेदरलँड्समध्ये ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी मुलांना व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल करायला दिली. मग काहींना साधी शाबासकी दिली, काहींना 'अविश्वसनीय सुंदर' अशी फुगवलेली. त्यानंतर पुढचं चित्र सोपं हवं की अवघड, असं विचारलं. स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या मुलांनी फुगवलेल्या स्तुतीनंतर सोपं चित्र निवडलं. हा अभ्यास २०१४ चा आहे, पण आमच्या गटात मी हे त्याआधीही पाहत होते, फक्त त्याला नाव नव्हतं. मोठी स्तुती झाली की माणसाला वाटतं, आता दर वेळी एवढं जमलं पाहिजे, आणि जमणार तर नाहीच, तेव्हा हात आखडलेला बरा.

आरशासमोर उभं राहून 'मी चांगला आहे, मी गुणी आहे' म्हणायचे जे व्हिडिओ तुम्ही त्याला पाठवत असाल (पाठवत असणार, सगळेच पाठवतात), तेही थांबवा. कॅनडात २००९ साली जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. आत्मसन्मान कमी असलेल्यांना असं वाक्य घोकून उलट जास्त वाईट वाटलं. मन लगेच हिशेब काढतं की हे खोटं आहे.

मग बोलायचं काय? जे दिसतं ते. "कोपरे चारही सारखे आलेत." "ही घडी कशी घातलीस, मला दाखव ना." "कालच्यापेक्षा ही उथळ आहे, मुद्दाम केलीस?" आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे काही न बोलता ती डबी वापरायला घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाहावं की आईने मिरच्यांची देठं तिच्यात टाकली आहेत. याहून खरी पावती मला माहीत नाही.

फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. हे मी चूक करून शिकले आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मला हुरूप आला आणि गटातल्या लोकांच्या वस्तूंचं छोटंसं प्रदर्शन मी भरवलं. एका बाईंनी जुन्या साड्यांची गोधडी शिवली होती, चार महिने खपून. बघायला आलेल्या कुणीतरी अगदी प्रेमाने म्हटलं, "टाके जरा मोठे झालेत, पण पहिल्या वेळेला चालायचंच." त्या बाई हसल्या, गोधडीची घडी घातली आणि पुढच्या बुधवारी आल्या नाहीत. नंतरही नाहीत. परवानगी मी घेतली होती. पण नाही म्हणता न येणं हाच ज्यांचा आजार, त्यांच्या 'हो'ला किती अर्थ असतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्यानंतर मी प्रदर्शन केलेलं नाही.

गोधडीचा विषय निघालाच आहे तर, ज्यांना कागद पोरकट वाटतो त्यांच्यासाठी ती फार गुणी गोष्ट आहे. धावदोरा घालत जायचं, टाका वाकडा गेला तरी ऊब कमी होत नाही. पुरुष सुई हातात घ्यायला आधी कुरकुरतात, नंतर बायकांपेक्षा जास्त मन लावून बसतात. स्वयंपाकही चालतो, पण पोळीपासून सुरुवात नको. तिच्या गोलाईवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं जोखली गेली आहेत. चटणी बरी. गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तीच्या कार्यशाळांचं पेव फुटतं, तिथे त्याला एवढ्यात पाठवू नका. माती उत्तम आहे, पण मूर्तीला चेहरा असतो, तो 'नीट'च यावा लागतो, आणि देवाचे डोळे तिरके आले याचं दुःख वेगळंच असतं. ढोल-ताशा पथकाचं काही जण विचारतात. पाऊसपाण्याच्या दिवसांत नदीपात्राच्या बाजूला सराव सुरू होतात, तिथे चाळीस ढोलांत एकाचा ठोका चुकला तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बरोबर पडला तर अख्खं अंग थरारतं. काहींना याने अक्षरशः माणसांत आणलं आहे. पण ही दुसरी पायरी समजा, चार-सहा महिन्यांनंतरची. कानात बोळे घालायला सांगा.

लिहिण्याबद्दल मी जपून बोलते. पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची पद्धत प्रसिद्ध आहे: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनात सलणाऱ्या गोष्टीवर लिहायचं, शुद्धलेखन बघायचं नाही. १९८६ पासून तिच्यावर खूप अभ्यास झाले. पण चारच दिवस, हे महत्त्वाचं. न्यूनगंड असलेल्या माणसाला जाडजूड डायरी दिली की तो रोज रात्री त्या खटल्याची नवी पानं लिहून काढतो. त्यापेक्षा आज हाताने काय केलं याच्या दोन ओळी पुरेत: 'डबी केली. कोपरा फाटला, चिकटवला.' विशेषण नको.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. तुम्ही शेजारी बसून स्वतःची डबी करत असाल तर फारच छान, फक्त तुमची त्याच्यापेक्षा चांगली झाली तर दाखवायला जाऊ नका. पहिले तीन-चार आठवडे काही वेगळं दिसणार नाही. मग एक दिवस तो काहीतरी बिघडवेल आणि चिरडून टाकणार नाही, तसंच ठेवून जेवायला उठेल. तुम्हाला ते क्षुल्लक वाटेल, मी मात्र तो दिवस माझ्या वहीत टिपून ठेवते. कधी कधी उलटंही होतं, हाताने काम करताना जुनं काहीतरी वर येतं आणि माणूस रडायला लागतो. घरी असं झालं तर विचारपूस करू नका, पाणी द्या, बसून राहा. वारंवार झालं तर ते आमचं काम आहे, तुमचं नाही.

आणि काही गोष्टींत कागदाच्या घड्यांवर विसंबायचं नसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडायचं ते काहीच आवडेनासं झालं असेल, 'मी नसलो तर बरं' अशा अर्थाचं तो एकदा जरी बोलला असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. हे बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करू नका, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. औषधं चालू असताना माती मळायला काहीच हरकत नसते, उलट दोन्ही मिळून बरं चालतं.

कला-उपचाराच्या पाट्या हल्ली गल्लोगल्ली दिसतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेवर पाटी लावलेले लोकही मला माहीत आहेत. प्रशिक्षण कुठे घेतलं, किती काळाचं, अडचण आली तर कुणाचा सल्ला घेता, हे विचारायला संकोच करू नका. चांगला माणूस अशा प्रश्नाने रागावत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते, क्रमांक मागता येतो. आणि पहिल्याच भेटीत चित्रात काळा रंग दिसला म्हणून कुणी तुमच्या भावाच्या मनाचं भविष्य सांगायला लागलं, तर तिथून उठून या.

सध्याच्या समुपदेशकांना हे सगळं दाखवा, त्यांना डावलून काही सुरू करू नका. दोन महिन्यांनी भावाला वाटलं तर त्याने आमच्या बुधवारच्या गटात यावं. त्याला वाटलं तर, तुम्हाला नव्हे. तुम्ही खाली थांबू नका, त्याला एकट्याला येऊ द्या, आणि येताना घरी केलेलं काही दाखवायला आणू नको म्हणावं. कागद इथे भरपूर आहेत.